घर गहाण ठेवून आंतरराष्ट्रीय संबंध शिकावेत का?

ताई, मी नेरुळला राहते. यंदा टीवायबीए, विषय राज्यशास्त्र. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहताजी आहेत. मला परदेशात इंग्रजीतून आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकायचा आहे. वाशीतल्या एका कन्सल्टन्सीने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची ऑफर आणून दिली आहे. एक वर्षाचा एमए, येत्या सप्टेंबरपासून. राहणं-खाणं धरून ३२ लाख. त्यासाठी आमचा सिडकोचा वन बीएचके गहाण ठेवावा लागेल. त्याचं कर्ज गेल्याच वर्षी फिटलं. डिपॉझिट दहा दिवसांत भरा म्हणतात. मैत्रीण म्हणते, जर्मनीत फी नसते, तिकडे जा. कॉलेजच्या सरांनी नेदरलँड्समधलं हेग सुचवलं. मला युनोत काम करायचं आहे, नाहीतर आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेत. आई रोज एकच विचारते, ‘तिथून शिकून आल्यावर करणार काय?’ मला उत्तर देता येत नाही. हा विषय का आवडतो तेही नीट सांगता येत नाही. कांद्याची निर्यात बंद झाली त्या डिसेंबरात बाबा रोज घरी येऊन सांगायचे की माल अडकलाय, बांगलादेशचे फोन येतायत आणि त्यांना काय सांगायचं ते कुणालाच कळत नाहीये. तेव्हापासून डोक्यात बसलंय. कुठला कोर्स घेऊ?
– एक वाचक, नेरुळ

प्रिय मुली,

आधी तातडीचं सांगते. डिपॉझिट भरू नका, आणि या दहा दिवसांत घराचा कुठलाही कागद बँकेत नेऊन देऊ नका. बत्तीस लाखांचं कर्ज साडेदहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिन्याला ३५ हजारांच्या पुढे जातो. शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलंच नाही. परत येऊन तू एखाद्या संशोधन संस्थेत किंवा एनजीओत लागलीस, तर सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता भरल्यावर हातात फार काही राहायचं नाही. तिथेच राहून फेडेन असं मनात असेल, तर तिथले नियमही बघ. इंग्लंडमध्ये शिक्षण संपल्यावर कामासाठी दोन वर्षं थांबता यायचं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. तू या सप्टेंबरात गेलीस तर तुला हाच नियम लागेल. त्यानंतरच्या कामाच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट २०२५ च्या जुलैपासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नव्या पदवीधरांना त्यात थोडी सवलत असते; तरी आपल्या विषयातल्या सुरुवातीच्या नोकऱ्यांना तेवढा पगार मिळणंही अवघड जातं.

कन्सल्टन्सी तुमच्याकडून सल्ल्याचे पैसे घेत नाही म्हणून ती निःस्वार्थी आहे, असं समजू नका. बऱ्याच परदेशी विद्यापीठांकडून अशा एजंटांना प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. हे बेकायदा नाही. पण ज्या विद्यापीठांकडून कमिशन येत नाही त्यांची नावं तुला त्या ऑफिसात सहसा ऐकू येणार नाहीत, आणि युरोपातली बरीचशी सरकारी विद्यापीठं त्यात येतात. ३२ लाखांच्या कोर्सशेजारी तीन लाखांचा कोर्स ठेवून कुणी तुला दाखवलाच नाही, तर तू निवड केलीस असं म्हणता येत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. तिने अगदी मुळावर बोट ठेवलं आहे. आंतरराष्ट्रीय संबंध हा असा विषय आहे की त्यात पदवीइतकाच पासपोर्टही मोजला जातो. तुझ्या वर्गात जर्मन, फ्रेंच, ब्रिटिश मुलं असतील. त्यांतली काही पुढे आपापल्या देशाच्या परराष्ट्र खात्यात, संरक्षण मंत्रालयात, युरोपीय संघाच्या कचेऱ्यांत जातील. ती दारं त्या त्या नागरिकांसाठी असतात. वर्गात पहिली आलीस तरी तुझ्यासाठी ती उघडत नाहीत. म्हणून कोर्सच्या पानावर ‘आमचे ९० टक्के विद्यार्थी नोकरीत’ असं लिहिलेलं दिसलं, की लगेच विचारायचं: त्यांतले भारतीय पासपोर्टवाले किती, आणि ते कुठे आहेत?

युनोचंही तेच. तिथे तरुणांना आत घेणारा एक मोठा मार्ग म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्यांची, जेपीओची योजना. त्या जागांचा खर्च देणगीदार देशांची सरकारं करतात आणि मुख्यतः आपल्याच नागरिकांना पाठवतात. दुसरा मार्ग इंटर्नशिपचा. युनो सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नसतो आणि जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कमध्ये राहायचा खर्च स्वतः करावा लागतो. आयएलओ (कामगार संघटना), एफएओ (अन्न आणि कृषी संघटना) अशा युनोच्या काही संस्था मात्र इंटर्नना मानधन देतात, हे लक्षात ठेव. युनोत पोचलेले अनेक भारतीय आधी इथे पाच-सात वर्षं काहीतरी ठोस काम केलेले असतात: पाण्यावर, आरोग्यावर, पुरात, आकडेवारीत. नुसत्या एमएवर थेट आत गेलेले थोडे.

आयएफएसची गोष्ट वेगळी आणि साधी आहे. ती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळते. पदवी कुठल्याही विषयातली चालते, वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा प्रयत्न. परदेशी एमएचा एकही जादा गुण नाही. निवड झाल्यावर परदेशी भाषा परराष्ट्र मंत्रालयच शिकवतं. मनापासून आयएफएसच हवं असेल, तर बत्तीस लाखांच्या हप्त्याखाली यूपीएससीची तयारी करण्यासारखी कोंडी नाही. तेव्हा ‘युनो नाहीतर आयएफएस’ असं एका दमात म्हणू नकोस. दोन्हींचे रस्ते फार वेगळे आहेत.

तरीही परदेशी शिकायला जावं का? माझं मत आहे, जावं. पण प्रश्न घेऊन जावं. आणि तुझा प्रश्न तुझ्याच पत्रात आहे, तू तो शेवटी, जवळजवळ माफी मागितल्यासारखा लिहिला आहेस.

काय झालं होतं ते आठव. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. आधी ती बंदी ३१ मार्चपर्यंतच होती, मग वाढवली. एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांसाठी, म्हणजे बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका यांच्यासाठी, ९९,१५० टन कांद्याला परवानगी दिली. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. याच काळात, नोव्हेंबर २०२३ पासून, तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि न्हावा-शेव्यातून युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जात होता.

यातला एकेक निर्णय घेऊन विचार कर. तेच सहा देश का? शेजारी देशाला धान्य-भाजी विकणं ही मैत्री की व्यापार? ग्राहकाला दिल्लीत कांदा स्वस्त मिळावा म्हणून लासलगावच्या शेतकऱ्याचा भाव पाडायचा, आणि त्याच वेळी भरवशाचा पुरवठादार ही देशाची ओळख ढाक्यात गमवायची, याचा हिशेब कोण मांडतं? हा शंभर टक्के आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास आहे, आणि तू तो जेवणाच्या ताटावर बसून ऐकलेला आहेस. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात, ‘लहानपणापासून मला जागतिक राजकारणात रस आहे’ असं लिहिणारे हजारो असतात. बाबांचा तो डिसेंबर पहिल्या परिच्छेदात लिही.

प्रश्न असा समोर ठेवला की कोर्सची यादी आपोआप आखडते. तुझा कल सुरक्षा, अण्वस्त्रं, हेरगिरी याकडे दिसत नाही. तुला अन्न, व्यापार आणि शेजारी देश यांच्यात रस आहे. या उपविषयाला आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी आयपीई. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) आणि तिथल्याच किंग्ज कॉलेजात याच नावाचा एमए-एमएस्सी आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एमएत ही एक शाखा आहे. सरांनी सुचवलेलं हेग उत्तम आहे, पण ते न्यायालयांचं शहर: आंतरराष्ट्रीय न्यायालय, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, रासायनिक शस्त्रबंदीची संस्था. लायडन विद्यापीठाचे या विषयातले काही वर्ग तिथे भरतात. आंतरराष्ट्रीय कायदा तुझा विषय असता तर मी सरांच्या शब्दाला मान दिला असता. व्यापारासाठी जिनिव्हा, कारण जागतिक व्यापार संघटना तिथे आहे आणि हा विषय शिकवणारी ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट तिच्या शेजारीच आहे. अन्नासाठी रोम, कारण एफएओ, जागतिक अन्न कार्यक्रम आणि इफाड (शेतीच्या विकासाला पैसा देणारा निधी) या युनोच्या तिन्ही संस्थांची मुख्यालयं त्या एका शहरात आहेत.

रोमवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इटलीचं नाव तुझ्या पत्रात कुणीच घेतलं नाही आणि तुमच्या घराला तो देश सर्वात जवळचा पडेल असं मला वाटतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. ठरावीक मर्यादेच्या खाली उत्पन्न असेल तर ती माफ किंवा नाममात्र होते. शिवाय प्रत्येक प्रांताची शिष्यवृत्ती असते. बोलोन्या ज्या प्रांतात आहे तिथे ती एर-गो नावाची संस्था देते. मेहताजींचा पगार इथे कमीपणाची गोष्ट ठरत नाही, तोच पात्रतेचा कागद होतो. त्यासाठी बाबांची आयकर विवरणपत्रं, घराचे कागद, कुटुंबाचा दाखला यांचं भाषांतर आणि अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का) करावं लागतं, आणि त्यात दोन-तीन महिने सहज जातात. व्हिसाआधी युनिव्हर्सिताली या पोर्टलवर पूर्वनोंदणी करावी लागते. अडचणीही सांगते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हातात पडायला काही महिने लागतात, तोवरचे पैसे जवळ लागतात. बोलोन्यात खोली मिळणं जिकिरीचं आहे. आणि रोममधल्या इटालियन पदवीचं नाव इंग्रजीत असलं तरी काही विषय इटालियनमध्येच शिकवले जाऊ शकतात, ते आधी तपासायचं.

जर्मनीबद्दल मैत्रीण अर्धं बरोबर सांगते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सत्राचं शुल्क. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि बर्लिनच्या हेर्टी स्कूलसारख्या खाजगी संस्था चांगलीच फी घेतात. फी नसली तरी व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. हे पैसे खर्चायला तुलाच परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्रही (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं) लागतं, त्याची फी १८,००० रुपये. तुझ्या बाबतीत मोठा प्रश्न क्रेडिटचा आहे. तिथले अनेक एमए राज्यशास्त्राची किमान इतकी क्रेडिट हवीत अशी अट घालतात, आणि मुंबई विद्यापीठाच्या बीएत पहिल्या दोन वर्षांत बाकीचे विषयही असतात. गुणपत्रिका समोर ठेवून मोजून बघ. इंग्रजीतून चालणारे तिथले काही चांगले कोर्स, उदाहरणार्थ मॅगडेबुर्गचा, शांतता आणि संघर्ष या विषयाचे आहेत. ते तुझ्या प्रश्नापासून थोडे लांब पडतात. डीएएडी या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजी कोर्सची पूर्ण यादी फुकट बघता येते, त्यासाठी कुणाच्याही ऑफिसात जायची गरज नाही.

इरास्मुस मुंडुस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीला मात्र अर्ज केल्याशिवाय राहू नकोस. दोन वर्षांत दोन-तीन देशांत शिकायचं, फी माफ, महिन्याला १,४०० युरो. लायप्त्सिश विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा ‘ग्लोबल स्टडीज’ तुला जवळचा. ग्लासगोकडून चालणारा सुरक्षा आणि हेरगिरीचा कोर्स नावाजलेला असला तरी तो तुझा नव्हे. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. एक पथ्य पाळ: शिष्यवृत्तीशिवाय नुसता प्रवेश मिळाला तर जाऊ नकोस.

रँकिंगच्या मागे लागू नकोस हे सगळेच सांगतात. मी कारण सांगते. क्यूएस या नावाजलेल्या जागतिक क्रमवारीच्या यादीत ३० टक्के वजन प्राध्यापकांना विचारलेल्या मताला असतं आणि ती यादी अख्ख्या विद्यापीठाची असते, त्यात वैद्यक, अभियांत्रिकी सगळं आलं. जगातला या विषयाचा पहिला विभाग १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहान गावात निघाला आणि आजही तो मानाचा आहे, पण ते विद्यापीठ जागतिक यादीत पहिल्या शंभरात नाही. रँकिंग एका ठिकाणी मात्र खरंच लागतं: महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना त्याची अट असते. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची, ओबीसींसाठी बहुजन कल्याण विभागाची. तुमच्या प्रवर्गाला कुठली लागू होते ते बाबांसोबत बसून बघ, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. याशिवाय जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतं आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी. या दोन्हींना घर गहाण टाकायला लागत नाही.

कोर्सच्या पानावर काय वाचायचं? फोटो आणि झेंडे सोडून दे, विषयांची यादी उघड. सक्तीचे पेपर कोणते ते बघ. दोन्ही वर्षं नुसते सिद्धांत असतील आणि संशोधन पद्धतीचा, आकडेवारीचा एकही पेपर नसेल, तर तो कोर्स तुला बोलायला शिकवेल, काम करायला नाही. व्यापाराचे आकडे वाचता येणारी, नकाशावर आणि तक्त्यात मांडता येणारी मुलगी कुठल्याही संस्थेला हवी असते. दक्षिण आशिया शिकवणारे तिथे कुणी आहेत का बघ; नसतील तर तुझ्या प्रबंधाला मार्गदर्शक कोण? इंटर्नशिप क्रेडिटमध्ये धरतात का? मग लिंक्डइनवर त्याच कोर्सचे दोन-तीन माजी भारतीय विद्यार्थी शोधून सरळ विचार: कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी काय करत होतात? विद्यापीठाने नेमलेले ‘स्टुडंट ॲम्बॅसडर’ सोडून विचार. लोक उत्तर देतात, आपण नीट विचारलं तर.

‘इंग्रजीतून’ या शब्दावर फार विसंबू नकोस. वर्ग इंग्रजीत असतो. घरमालक, बँक, अर्धवेळ काम आणि पुढची नोकरी त्या देशाच्या भाषेत असते. आपल्या विषयात तर भाषा हेच भांडवल. फ्रेंच ही युनो सचिवालयाची इंग्रजीच्या जोडीची कामकाजाची भाषा आहे. आणि एक भाषा इथल्या कुणालाच सुचत नाही: बंगाली. बांगलादेशचा व्यापार अभ्यासणारी, ढाक्यातलं वर्तमानपत्र मुळातून वाचणारी भारतीय मुलगी युरोपातल्या वर्गात एकटीच असेल.

म्हणजे हे एक वर्ष थांबायचं. मला माहीत आहे, टीवायनंतर वर्ष गेलं म्हटलं की नातेवाइकांना तोंड द्यावं लागतं. पण वर्ष कसं घालवायचं ते बघ. कृषी निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच, सेक्टर १९ मध्ये आहे, बाबांच्या मार्केटच्या परिसरात. एपीएमसीतले निर्यातदार, न्हावा-शेव्याचा माल हाताळणारे कस्टम्स एजंट, यांच्याकडे कागदपत्रांचं काम शिकायला कुणीतरी लागतंच. सहा-आठ महिने ते कर. शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालाला कीड-रोग नसल्याचं), लेटर ऑफ क्रेडिट (बँकेची पैशांची हमी) हे हाताखालून गेलं की व्यापार धोरणाचा कुठलाही पेपर तुला वेगळा दिसेल. मुंबईतल्या गेटवे हाउससारख्या परराष्ट्र धोरणाच्या संस्थेत इंटर्नशिपला अर्ज टाक. जोडीला सीयूईटी-पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या एमएची प्रवेश परीक्षा, दे. दिल्लीच्या जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ पासूनची संस्था आहे, फी अगदी थोडी, आणि तिथला एमए हा ‘परदेश नाही जमलं म्हणून’ घेण्याचा कोर्स नाही. बाहेरची शिष्यवृत्ती नाही मिळाली तर तिथून शिक, आणि बाहेर पीएचडीला जा, तेव्हा पैसे विद्यापीठ देतं.

आईला उत्तर असं दे: अन्नधान्याच्या व्यापार धोरणावर काम करायचं आहे; निर्यात संस्था, संशोधन संस्था, कृषी व्यापार करणाऱ्या कंपन्या, पत्रकारिता आणि पुढे अनुभव घेऊन एफएओसारख्या संस्था, या ठिकाणी ते काम असतं. हे उत्तर दिल्यावर ती आणखी चार प्रश्न विचारेल. विचारू दे.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांना असं वाटत असेल की घर गहाण ठेवायला नाही म्हटलं तर मुलीच्या आड आलो. तसं अजिबात नाही. त्यांनी जे घर फेडलं त्याच्याच बळावर तू एक वर्ष पगाराची चिंता न करता शिकू शकतेस, आणि त्यांच्या ओळखीतून जो निर्यातदार भेटेल तो कुठल्याही कन्सल्टन्सीला आणून देता येणार नाही.

राहिला तो ऑफरचा विषय. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला तू स्वतः, तुझ्या मेलवरून, कन्सल्टन्सीला मध्ये न घेता लिही: प्रवेश पुढच्या सप्टेंबरवर ढकलता येईल का, त्यासाठी डिपॉझिट लागतं का, आणि भरलेलं डिपॉझिट कुठल्या परिस्थितीत परत मिळतं. तीनच प्रश्न, लेखी उत्तर माग. विनामूल्य ढकलता येत असेल तर ढकल आणि यादीत शेवटच्या नंबरावर ठेव. नसेल तर सोडून दे. यादी तयार झाली की गुणपत्रिकेच्या क्रेडिटसह मला पाठव, अर्जांच्या तारखांच्या आत आपण ती एकदा नीट बघू.